खंडेनवमीची पिन

मी नेमकं काय काम करते हे धाडमध्ये, म्हणजे आमच्या गावात, कोणालाच नीट कळलेलं नाही, आणि त्यात धाडचा काही दोष नाही. मी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ओरखडे बघते. कुलपावर पहारीने उठलेले, तारेवर पकडीने उठलेले, पायपावर करवतीने उठलेले. प्रत्येक हत्याराला, प्रत्येक मशीनला एखादी खोड असते आणि ती लोखंडावर उमटते. मी दोन तुकडे भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवते आणि सांगते की हे काम त्याच हत्याराचं आहे किंवा नाही. बस, एवढंच. गावातली एखादी मावशी डोळे मोठे करून विचारते, "मंग तू मुडदे पाह्यतं का वं?" मी म्हणते, "नाही मावशी, पहारी बघते." मावशीचा चेहरा असा उतरतो, की मलाच तिची दया येते.

बाबांना मात्र भलता अभिमान. रस्त्यावर पुढे त्यांचं लेथचं दुकान, मागे आमचं घर, मध्ये एक दार. दुकानात वखराच्या पासेला धार लावायला आलेला माणूसही माझी कीर्ती ऐकल्याशिवाय सुटत नाही. "माही पोरगी लोखंडाची जबानी घेते," असं ते सांगतात आणि वर चष्म्यातून बघतात, की समोरच्यावर काही परिणाम झाला का.

आईला अभिमान वगैरे नाही. यात पगार देण्यासारखं काय आहे, हेच तिला कळत नाही. दिवाळीत घरोघरची फराळाची ताटं आमच्याकडे यायची आणि कोणतं ताट कोणाचं याचा हमखास गोंधळ व्हायचा. आई एक करंजी उचलायची, तिची कड उजेडात धरायची आणि निकाल द्यायची. "ही मास्तरीणबाईची. तिच्या कातण्याच्या चाकाचा एक दात गेला हाय. पाह्य, दर वेढ्याले तथीच कड सपाट होते." मी तेव्हा आठ वर्षांची असेन. पुढे नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं, की या विषयाची गोडी कशी लागली? मी पदार्थविज्ञानाचं काहीतरी भारदस्त उत्तर दिलं. खरं उत्तर करंजी हे होतं. ते मी दिलं नाही याची मला अजून थोडी लाज वाटते.

बाबांच्या कामाच्या काही रीती होत्या आणि त्या रीतींना अपवाद नव्हता. लेथच्या चकला तीन जबडे असतात, दुकानात त्यांना जॉ म्हणतात. ते जॉ लोखंडाचा गज आवळून धरतात आणि मग तो गरागरा फिरतो. जॉला दात असतात, ते गजावर उमटतात. बाबा काम धरताना जॉ आणि गज यांच्यामध्ये तांब्याच्या पत्र्याची पट्टी घालायचे, म्हणजे दात उमटत नाहीत. "गिऱ्हाइकाच्या मालाले आपण चावाचं काऊन?" असं त्यांचं म्हणणं. दुसरी रीत म्हणजे काम संपलं की कडेवर कानशीचे तीन हात मारायचे. दोन नाही, चार नाही. आणि तिसरी रीत खंडेनवमीची. त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडायची, लेथला हळद-कुंकू लावायचं, चकच्या तिन्ही जॉवर एकेक बोट ओढायचं, झेंडूचा हार घालायचा, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत मशीनला कोणी हातसुद्धा लावायचा नाही. कलेक्टर आला तरी नाही. कलेक्टर कधी आला नाही, ही गोष्ट वेगळी.

त्या वर्षी मी दिवाळीला चार दिवसांची रजा काढून घरी गेले होते. भाऊबीजेच्या आदल्या सकाळी मी मधल्या दाराच्या उंबऱ्यावर बसून चिवडा खात होते. तेवढ्यात बाबांचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. शेजारच्या गावचा शेतकरी, सोयाबीन, कांदा आणि ट्रॅक्टर बाळगणारा. त्याने फडक्यात गुंडाळलेली एक पिन काढली आणि टेबलावर आपटली. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची ती पिन, मनगटाएवढी जाड, वर कडी.

"मिस्त्री, ही पाहा तुमची पिन. भरली ट्रॉली सोयाबीनची नाल्यात नेऊन घातली इनं."

"कोणाले लागलं तर नाही ना?" बाबांनी आधी ते विचारलं.

"नाही. पण लागलं असतं तं?"

बाबांनी चष्मा लावला, पिन एकदा बोटांत फिरवली आणि खाली ठेवली. "ही माही नाही."

"तुमच्याच दुकानातून नेली म्या. खंडेनवमीच्या दिवशी."

बाबा मोकळेपणाने हसले. "खंडेनवमीले माही मशीन चालत नाही, हे साऱ्या धाडले माहीत हाय."

"मंग म्या काय झाडाची तोडली का?"

"कोणं देली तुले?"

त्याने तोंड उघडलं, माझ्या खांद्यावरून घराच्या आत बघितलं आणि तोंड मिटलं. मला वाटलं त्याची नजर चिवड्यावर आहे, म्हणून मी बशी पुढे केली. त्याने मूठभर घेतला आणि म्हणाला, "ते नाही सांगत. शब्द देला हाय म्या."

आता बाबांचा पारा चढला. "हे पाह्य. चकचे दात उमटले हायेत इच्यावर. चाळीस वर्सांत माह्या कामावर दात उमटलेला एक तुकडा दाखव, दुकान तुह्या नावानं करून देतो."

"मले तुमचं दुकान नको. पैसाही नको. पिन तुमची हाय एवढं कबूल करा, बस."

आवाज वाढला तशी समोरच्या चहाच्या टपरीवरची मंडळी कप हातात घेऊनच रस्ता ओलांडून आली. इथे मला एक खुलासा करायला हवा. सोळा वर्षांपूर्वी याच टपरीवाल्याशी चहा पातळ असल्यावरून बाबांचं वाजलं होतं आणि "तुह्या चहाले तोंड लावणार नाही" असं ते बोलून गेले होते. भांडण आठ दिवसांत मिटलं. टपरीवाला बाबांच्या मांडीला मांडी लावून बसतो. पण बाबांनी आजवर त्याच्या चहाचा थेंब घेतलेला नाही. त्यांच्या तोंडून गेलेला शब्द त्यांना स्वतःला परत घेता येत नाही, त्याचं बिचाऱ्यांकडे यंत्रच नाही.

आणि नेमकं अशा बाबांनी त्या दिवशी, सात-आठ जणांच्या देखत, लेथवर थाप मारली. "ही पिन ह्या लेथवरची निघाली, तर आजपासून म्या ह्या लेथले हात लावणार नाही. पोरगी घरीच हाय. तीच सांगल."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या तोंडात चिवडा होता.

मी तो गिळला आणि नियम सांगायला लागले. आपल्याच माणसाचं प्रकरण घेता येत नाही, वस्तू सीलबंद यावी लागते, पंचनामा लागतो. "इथं कोर्ट कोठी हाय?" बाबा म्हणाले. टपरीवाल्याने माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलं. मनातून मी हरखलेही होते, ते का लपवू? गावाने पहिल्यांदाच माझ्या पहारींना किंमत दिली होती. मी खोलीतून भिंग आणलं, मोबाईलला अडकवायची छोटी लेन्स आणली आणि बसले ऐटीत.

आधी पिनच्या खालचं भोक बघितलं. त्यात स्प्लिट पिन असते, ती असली की मोठी पिन उचकटून वर येत नाही. भोकाच्या कडेला बारीक पिळाचे ओरखडे होते आणि आत गंजलेल्या तारेचा एक केस अडकलेला. "ही पिन तुटली नाही, वाकली नाही," मी म्हणाले. "ही निसटली. भोकात स्प्लिट पिन नव्हती, तार बांधली होती."

ट्रॉलीवाल्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "स्प्लिट पिन हरपली होती. तार तात्पुरती बांधली म्या."

"केव्हा?"

"नेली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मंडळी हसली. ट्रॉलीवालाही हसला आणि चूक आपली हे त्याने तिथल्या तिथे मान्य केलं. खरं तर प्रकरण इथेच संपायला हवं होतं. मी भिंग मिटलं. पण बाबा जागचे हलले नाहीत.

"ते झालं. पिन कोणाची ते सांग."

मी बाबांना एक कोरा गज द्यायला सांगितला. तो चकमध्ये पट्टी न घालता धरायला लावला. बाबांनी तो आवळला, सोडला आणि "घे" म्हणून माझ्या हातात दिला, परीक्षेत पहिला येणारच अशा खात्रीच्या पोरासारखा त्यांचा चेहरा होता. मी गज आणि पिन शेजारी शेजारी धरले. जॉचे तीन चावे यावर, तीन त्यावर. पहिला चावा कोणत्याही चकचा असेल तसा. तिसराही तसाच. दुसऱ्याच्या कोपऱ्यात नखाएवढा चंद्रकोरीचा तुकडा गायब. त्या जॉचा टवका मी दहावीत असताना उडाला होता, मी तेव्हा याच उंबऱ्यावर गणितं सोडवत बसले होते. कोऱ्या गजावर तीच चंद्रकोर. पिनवर तीच. आणि पिनवरच्या चाव्याच्या तळाशी, ग्रीसच्या खाली दाबून बसलेला लाल रंग. गंज असा नसतो. ते कुंकू होतं.

पिन बाबांच्या लेथवरचीच होती, आणि खंडेनवमीचीच होती.

मग मी बाकीची पिन बघितली. बाबांच्या कामावर लोखंड कापणाऱ्या टूलच्या रेघा कशा ठरलेल्या अंतरावर, झरझर गेलेल्या असतात. इथे रेघा फार बारीक, फार जवळ, एकेक जपून काढलेली. कडेवर कानशीचे तीन हात नव्हतेच. कड सगळीकडून गोल करून घेतलेली, बोटाला कुठेही लागू नये अशी. मी मान वर केली. आई मधल्या दारात उभी होती. पाच मिनिटांपूर्वी सगळ्यांना चहा देऊन गेलेली आई पदराचं टोक पिळत विचारत होती, "चहा ठेवू का?"

मला तिथल्या तिथे सगळं कळलं. पण आता मी खरं बोलले की बाबांची मशीन जाणार होती. बाबा तापाने फणफणलेले असले तरी दिवसातून एकदा येऊन लेथजवळ खुर्ची टाकून बसणारा माणूस. लेथ नाही म्हटल्यावर ते दिवसभर करतील काय? आमच्या अहवालात एक वाक्य असतं. खुणा अपुऱ्या असल्या, धड काही दिसत नसलं की ते लिहितात. मी ते वाक्य उच्चारलं.

"निश्चित मत देता येत नाही."

टपरीची मंडळी नाराज झाली. ट्रॉलीवाल्याने सुटकेचा श्वास टाकला. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. "भिंग दे."

त्यांनी पिन घेतली, उजेडाकडे पाठ केली, परत तोंड केलं. एकदा पिन, एकदा गज. फार वेळ गेला. "दुसरा जॉ," ते हळूच म्हणाले. "टवका. आन हे कुंकू." त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळले.

"तुले दिसलं नाही?"

कोर्टात वकिलांनी मला दोन-दोन तास उभं करून उलटसुलट विचारलेलं आहे. मी कधी डगमगले नाही. या तीन शब्दांपुढे मात्र मला मान वर करता येईना.

"दिसलं," मी म्हणाले.

बाबांनी हात फडक्याला पुसले, फडकं खिळ्याला लावलं. "मंग झालं."

"काही झालं नाही," आई उंबऱ्याच्या या बाजूला येत म्हणाली. "म्या केली ती पिन."

टपरीवाल्याच्या हातातला कप कलंडला.

आईला दुकानात गिऱ्हाइकांसमोर एवढं बोलताना मी पहिल्यांदाच बघितलं. त्या दिवशी पूजा आटोपून बाबा बहिणीकडे अमडापूरला गेले होते. दुपारी हा माणूस आला. कापलेल्या सोयाबीनची सुडी रानात रचलेली, वर आभाळ भरून आलेलं, पिन कुठे सापडेना. आईने आधी नाही म्हणून सांगितलं. "पण आभाळ पाह्यलं अन् मन होईना. म्या हार काढून ठेवला, मशीनच्या पाया पडली, पिन केली, हार परत घातला. तुमची तांब्याची पट्टी कोठी ठेवली ते सापडलं नाही. इथी माही चूक झाली."

"वहिनी, म्या नाही सांगितलं बरं का," ट्रॉलीवाला म्हणाला. "पोरीनं काढलं हे."

मला वाटलं होतं, बाबा आधी खंडेनवमीवरून भडकतील. त्यांनी विचारलं, "तू कोठी शिकली?"

"कोठी म्हणजे? तीस वर्सं झाले चहा घेऊन येते म्या इथी. आंधळी हाय का? अन् दुपारी तुमी झोपता तवा मशीन काय झोपते?"

एवढं बोलून ती आत गेली आणि लाटणं घेऊन आली. आमच्या घरातलं बाभळीचं लाटणं, आम्ही सगळे ते बाजारातून आणलेलं समजत होतो. तिने ते माझ्या हातात दिलं. "मोठी पाह्यणारी तू. हे पाह्य."

लाटण्याच्या टोकाशी तीन चावे होते, पिठाने भरून आलेले. दुसऱ्याचा कोपरा चंद्रकोरीएवढा गायब. त्या लाटण्याने मी कॉलेजात असल्यापासून पोळ्या लाटत आले आहे. मी म्हणजे लोखंडाची जबानी घेणारी. माझी अशी जिरलेली मला तरी आठवत नाही, आणि गंमत म्हणजे मला त्याच वेळी रडूही येत होतं.

मंडळींनी बाबांची समजूत काढायचा बराच प्रयत्न केला. पिन काही तुम्ही केलेली नाही, मग शब्द कसला? टपरीवाला तर हात जोडून म्हणाला, की माझ्या चहाचं जाऊ द्या, पण लेथचं मनावर घेऊ नका. बाबा ऐकेनात. "म्या मशीनचं नाव घेतलं होतं. मशीन हीच निघाली." माझ्या खोटेपणावर ते दिवसभर एक अक्षर बोलले नाहीत. संध्याकाळी मी अंगणात पणत्या लावत होते तेव्हा ते जवळ येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"व्हर्नियर लावून पाह्यली म्या ती पिन," ते म्हणाले. "माप बरोबर हाय."

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळी सकाळी एक जण पंपाच्या शाफ्टचं काम घेऊन आला. बाबा अंघोळ करून, शर्ट घालून दुकानात उभे, हात मागे बांधलेले. ते गिऱ्हाइकाकडे बघेनात आणि लेथकडेही बघेनात. मी उंबऱ्यावर बसले होते आणि मला वाटत होतं, की हे बघण्यापेक्षा मी कालच्या खोट्यावर अडून राहायला हवं होतं. तेवढ्यात आई आली. तिने पदर कमरेला खोचला, शाफ्ट उचलला, तांब्याची पट्टी कुठे आहे ते डोळ्यांनीच विचारलं. बाबांनी हनुवटीने फळीकडे दाखवलं.

"टूल जरा मागं घे," थोड्या वेळाने बाबा म्हणाले.

"दिसतं मले."

"लय हळू चालवून राह्यली तू."

"तुमी हात मागंच ठेवा."

याला आता दुसरं वर्ष चाललं आहे. बाबांनी लेथला बोट लावलेलं नाही. खंडेनवमीची पूजाही आईच करते, बाबा बाजूला उभे राहून कुंकू सांडतंय म्हणून कटकट करतात. हळूहळू गिऱ्हाईक सरावलं. आधी दोन-चार जण कुजबुजले, मग आईची मापं बघून गप्प झाले. ट्रॉलीवाला तर स्प्लिट पिना डझनाने नेतो आणि जाताना प्रत्येक वेळी मला विचारतो, की भोक तपासायचं का.

गेल्या दिवाळीला मी गेले तेव्हा आईने नुकतंच एक काम संपवलं होतं, पुन्हा ट्रॉलीचीच पिन. तिने चक सैल केली, पिन काढली आणि बाबांकडे दिली. बाबांनी खिशातून कानस काढली. माझी नजर बघून ते जरा चोरटे झाले.

"लेथचं बोललो होतो म्या," ते म्हणाले. "कानशीचं नाही."

आणि त्यांनी पिनच्या कडेवर तीन हात मारले.

तसल्याच एका पिनचा कापून टाकलेला तुकडा मी मागून घेतला. तो प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर कागदांवर ठेवलेला असतो. कामाचा कंटाळा आला की मी तो भिंगाखाली धरते. जवळ जवळ ओढलेल्या बारीक रेघा, एकेक जपून काढलेली, आणि कडेवर त्यांना तिरपे गेलेले कानशीचे तीन हात. जॉचे दात कुठेही नाहीत, पट्टी सापडलेली आहे. अहवाल मागितलाच कोणी तर मी लिहीन, की मशीन एक, माणसं दोन. मत निश्चित आहे.